मराठीतील नामवाक्य : ‘असे’, ‘हे’ आणि ‘-ल्याचे’

मिश्र वाक्यातील गौण वाक्ये तीन प्रकारची असतात, नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य, हे विभाजन मराठीच्या अभ्यासकाला शालेय वयापासून परिचित असते. जे गौण वाक्य प्रधान वाक्यात नामाचे कार्य करते ते नामवाक्य, ही त्याची व्याख्याही सर्वपरिचित आहे. व्याख्या चुकीची नाही. तथापि ती जेथे संपते तेथेच मराठीपुरता खरा प्रश्न सुरू होतो. पुढील दोन वाक्ये पाहावीत :

(१) तो येईल असे मला वाटते.
(२) तो येईल हे मला माहीत आहे.

दोहोंतही ‘तो येईल’ हे नामवाक्य आहे, असे वाक्यपृथक्करणाच्या उत्तरपत्रिकेत लिहिले की पूर्ण गुण मिळतात. पण पहिल्या वाक्यात ‘असे’च्या जागी ‘हे’ आणि दुसऱ्यात ‘हे’च्या जागी ‘असे’ घातले, तर कोणताही मराठी भाषक अडखळतो. ‘तो येईल असे मला माहीत आहे’ हे वाक्य कानाला खटकते, आणि ‘तो येईल हे मला वाटते’ हेही. नामवाक्य तेच, त्याचे कार्यही वरवर तेच. मग ही अदलाबदल भाषा का नाकारते? याचे उत्तर गौण वाक्यात सापडत नाही. ते प्रधान वाक्यात गौण वाक्याची जागा धरून बसलेल्या छोट्या शब्दात आहे. मराठीत नामवाक्याची व्याकरणिक भूमिका हा शब्द वाहतो, आणि आपल्या शालेय पृथक्करणात नेमका तोच ‘जोडणारा शब्द’ म्हणून बाजूला टाकला जातो.

असे का घडले याला कारण आहे. वाक्यपृथक्करण हा विषय मराठी व्याकरणात इंग्रजी शालेय व्याकरणाच्या वाटेने आला. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठी व्याकरणाने संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही परंपरांकडून साचे घेतले. या साच्यांची चिकित्सा अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (१९६४) आणि कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ (१९८७) या ग्रंथांत केली. इंग्रजीत गौण वाक्याच्या आरंभी येणारा संयोजक हाच नामवाक्याचा दर्शक असतो. त्या धर्तीवर मराठीत ‘की’ हा नामवाक्याचा मुख्य दर्शक मानला गेला आणि ‘असे’, ‘हे’ यांना पूरक किंवा ऐच्छिक शब्दांचे स्थान मिळाले. वस्तुतः मराठीची स्वाभाविक रचना उलट आहे. गौण वाक्य आधी, त्याला उचलून घेणारा दर्शक शब्द नंतर आणि क्रियापद शेवटी, हा तिचा मूळ क्रम. ‘की’ची रचना त्या क्रमाला पर्याय म्हणून उभी राहते, आणि तिच्यातही ‘मला असे वाटते की...’, ‘याचे वाईट वाटते की...’ अशा रीतीने जागा धरणारा शब्द बहुधा टिकून राहतोच.

भूमिकांच्या विचाराकडे वळण्यापूर्वी एक नेहमीची चूक दूर करणे अगत्याचे आहे. वाक्य (१) मध्ये नामवाक्य कर्ता आहे की कर्म? वर्गात या प्रश्नाला ‘कर्म’ हे उत्तर हमखास येते. ‘मला वाटते’ याचा अर्थ ‘मी समजतो’ असा मनात धरला जातो, आणि समजण्याच्या क्रियेचा विषय म्हणून नामवाक्याला कर्म ठरविले जाते. हा अर्थाचा विचार झाला, रचनेचा नव्हे. ‘मला भीती वाटते’ या वाक्यात ‘भीती’ हा कर्ता आहे. ‘मला आंबे आवडतात’ या वाक्यात ‘आंबे’ हा कर्ता आहे, कारण क्रियापद त्याच्याशी जुळते. मग ‘मला असे वाटते’ यात वेगळा न्याय लावण्याचे कारण उरत नाही. वाटणे, कळणे, समजणे, आठवणे, दिसणे, आवडणे, पटणे या क्रियापदांसह येणारे नामवाक्य मराठीत कर्त्याच्या स्थानी असते. म्हणणे, सांगणे, मानणे, विचारणे, कळविणे, नाकारणे यांच्यासह येणारे ते कर्माच्या स्थानी असते. ‘तो आला हे मला कळले’ आणि ‘तो आला हे मी ऐकले’ या दोन वाक्यांचा आशय जवळजवळ एक असला, तरी नामवाक्याची भूमिका पहिल्यात कर्त्याची आणि दुसऱ्यात कर्माची आहे.

येथे कोणी लिंगवचनाची कसोटी पुढे करील. ‘ती आली हे बरे झाले’, ‘मुले आली हे बरे झाले’, ‘पाहुणे आले हे बरे झाले’ : गौण वाक्यात काहीही असो, प्रधान क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनीच राहते. ‘तिने गोष्ट सांगितली’, पण ‘मुले आली असे तिने सांगितले’. कसोटी उपयोगी आहे, परंतु एकटी पुरेशी नाही. भावे प्रयोगातही क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनीच असते. त्यामुळे ‘तिने सांगितले की मुले आली’ एवढ्यावरून नामवाक्य कर्म असल्याचे सिद्ध होत नाही. त्यात ‘म्हणणे’ या क्रियापदाची आणखी एक गंमत आहे. ‘त्याने म्हटले’ आणि ‘तो म्हणाला’ ही दोन्ही रूपे भूतकाळात चालतात. दुसऱ्यात क्रियापद कर्त्याशी जुळते आणि नामवाक्याची दखलच घेत नाही. निर्णय करण्यासाठी जागा धरणाऱ्या शब्दाकडेच यावे लागते. प्रश्न ‘तो काय म्हणाला?’ असाच होतो, ‘तो कसे म्हणाला?’ असा होत नाही. म्हणून ‘असे’ हा शब्द रूपाने रीतिवाचक असला, तरी येथे नामाच्या जागी उभा आहे, हे मान्य करावे लागते.

आता ‘असे’ आणि ‘हे’ यांतील भेद. पहिल्या नजरेला असे वाटते की ‘हे’ सत्य म्हणून गृहीत धरलेल्या गोष्टीसाठी येते आणि ‘असे’ केवळ कथित किंवा कल्पित गोष्टीसाठी.

(३) तो आजारी आहे असे तिने सांगितले.
(४) तो आजारी आहे हे तिने सांगितले.

वाक्य (३) ऐकणारा तिचे बोलणे ऐकतो. तो खरोखर आजारी आहे की नाही, याची जबाबदारी वाक्य बोलणाऱ्यावर येत नाही. वाक्य (४) मध्ये आजारपण ठरलेले आहे; ते तिने उघड केले एवढेच. ‘तो आला असे कळले’ यात ऐकीव बातमीचा सूर आहे, ‘तो आला हे कळले’ यात नाही. वृत्तपत्रातील बातमी, पंचनामा किंवा न्यायालयातील साक्षीचा गोषवारा लिहिताना या एका अक्षराच्या शब्दाने बरेच काही बदलू शकते. ‘आरोपीने पैसे घेतले हे साक्षीदाराने सांगितले’ असे लिहिणारा नकळत निकाल देऊन मोकळा होतो. ‘असे सांगितले’ लिहिणारा साक्षीपुरताच थांबतो. मराठीत लिहिणाऱ्या किती जणांना ही जाणीव असते, हा प्रश्न वेगळा.

मात्र सत्यतेवर आधारलेले हे स्पष्टीकरण शेवटपर्यंत टिकत नाही. ‘तो आला हे खोटे आहे’ हे वाक्य निर्दोष आहे, आणि ‘तो आला असे खोटे आहे’ हे वाक्य मराठीत होतच नाही. ‘हे’ जर सत्याचा दर्शक असता, तर नेमके याच ठिकाणी ते अशक्य व्हायला हवे होते. तेव्हा भेद सत्यासत्याचा नाही. ‘हे’ गौण वाक्यातील आशयाला एक वस्तू म्हणून समोर ठेवते. त्या वस्तूविषयी मग काहीही म्हणता येते : ती खरी आहे, खोटी आहे, दुःखद आहे, मला माहीत आहे. ‘असे’ वस्तू निर्माण करीत नाही. बोलण्याचा किंवा विचाराचा आकार कोणता होता, तेवढे ते दाखविते. बोलणे, वाटणे, मानणे यांना आकार असतो म्हणून तेथे ‘असे’ शोभते. ‘खोटे असणे’ याला वस्तू हवी, म्हणून तेथे ‘हे’ अनिवार्य ठरते. माहीत असणे हेही एखाद्या ठरलेल्या वस्तूविषयीच संभवते. वाक्य (३) आणि (४) यांत जाणवणारा सत्यतेचा फरक हा या मूळ भेदाचा परिणाम आहे, कारण नव्हे. सांगण्यापूर्वीच जी वस्तू म्हणून उभी आहे ती ऐकणारा साहजिकच खरी धरतो.

या स्पष्टीकरणाला विभक्तीचा भक्कम आधार मिळतो. वस्तूला विभक्ती लागते, आकाराला लागत नाही. त्याने फसविले याचा राग आला. ती पास झाली याचे समाधान वाटले. तो परत येईल यावर कोणाचाच विश्वास नव्हता. पाऊस लांबला याला कोण काय करणार. पुस्तक चांगले आहे यात शंका नाही. नामवाक्याला स्वतःला प्रत्यय लागू शकत नाही, म्हणून ‘हे’ पुढे होऊन षष्ठी, चतुर्थी, सप्तमीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये अंगावर घेते. ‘अशाचा राग आला’, ‘अशावर विश्वास नव्हता’ ही रूपे या अर्थाने संभवत नाहीत. म्हणजे कर्ता आणि कर्म या दोन भूमिकांत ‘असे’ आणि ‘हे’ यांची स्पर्धा आहे, आणि तीही क्रियापदाच्या अर्थावर अवलंबून. इतर सर्व कारकसंबंधांत ‘हे’चे एकछत्री राज्य आहे. पाठ्यपुस्तकांत नामवाक्याच्या भूमिका मोजताना या सविभक्तिक भूमिका बहुधा गळतात. त्यामुळे ‘यावर विश्वास नव्हता’ यासारखे वाक्य समोर आले की विद्यार्थी त्यातील गौण वाक्याला क्रियाविशेषणवाक्य म्हणून मोकळा होतो.

समानाधिकरण नामवाक्याचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘तो दोषी आहे असा आरोप’, ‘साहेब बदलणार अशी अफवा’, ‘भाव वाढतील असे भाकीत’ : येथे ‘असा’ पुढील नामाप्रमाणे लिंग बदलतो. म्हणजे रचनेने तो विशेषण आहे, आणि गौण वाक्य त्या विशेषणाचा आशय भरते. काटेकोर वर्गीकरण करणारा याला विशेषणवाक्य म्हणू शकेल. पण आरोप म्हणजेच ‘तो दोषी आहे’ हे विधान. आरोपाचा तो गुण नव्हे, आरोपाचा मजकूर आहे. म्हणून याला नामवाक्यच म्हणणे योग्य. ‘साहेब बदलणार ही अफवा खोटी ठरली’ आणि ‘साहेब बदलणार अशी अफवा उठली’ या जोडीत पुन्हा तोच भेद दिसतो. पहिल्या वाक्यात अफवा आधीच अस्तित्वात आलेली वस्तू आहे. दुसऱ्यात ती आकार घेत आहे. पूरकाच्या स्थानीही तेच घडते. ‘अडचण अशी आहे की पैसे नाहीत’ हे अडचण उलगडून सांगते, तर ‘अडचण ही आहे की पैसे नाहीत’ हे इतर अडचणींमधून एक निवडून दाखविते.

नामवाक्याच्या आत सर्वनामे कोणाच्या दृष्टीने योजिली जातात, याकडे व्याकरणापेक्षा भाषांतराच्या चर्चेत अधिक लक्ष दिले जाते. हा विषय मात्र व्याकरणाचाच आहे.

(५) सदाशिव म्हणाला की मी उद्या जाणार.
(६) सदाशिव म्हणाला की तो उद्या जाणार.

मराठीच्या प्रकृतीप्रमाणे (५) मधील ‘मी’ सदाशिव आहे. (६) ऐकताच ‘तो म्हणजे कोण?’ असा प्रश्न मनात येतो. तेथे सदाशिव नव्हे, दुसराच कोणी जाणार असावा. इंग्रजीतील अप्रत्यक्ष कथनाच्या वळणाने लिहिलेल्या भाषांतरांत (६) सारखी वाक्ये सदाशिवासाठीच वापरली जातात, आणि वाचकाला दोन ओळी मागे जावे लागते. मराठीत प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन यांमधील भिंत मुळात पातळ आहे. ‘की’ आणि ‘असे’ या दोन्ही रचना मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ आत राहू देतात.

ही भिंत उंच होते ती ‘-ल्याचे’ या रचनेत. ‘मी आल्याचे त्याने सांगितले’ यातील ‘मी’ हा सांगणारा असूच शकत नाही. तो वाक्य उच्चारणारा आहे. सांगणाऱ्याचा निर्देश करायचा तर ‘आपण आल्याचे त्याने सांगितले’ असेच म्हणावे लागते. ‘आपण निर्दोष असल्याचे त्यांनी सांगितले’ हे वृत्तपत्रांतील नेहमीचे वाक्य याच नियमाने घडते. या रचनेत मूळ उद्गार पूर्णपणे विरघळलेला असतो आणि फक्त त्याचे वृत्त उरते. ‘वृत्त’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. ‘तो आल्याचे खोटे आहे’ हे वाक्य होत नाही, पण ‘तो आल्याचे वृत्त खोटे आहे’ हे होते. ‘आल्याचा आनंद’, ‘आल्याची बातमी’, ‘आल्याचे दुःख’ यांत षष्ठीचा प्रत्यय पुढील नामाशी जुळतो. नाम गाळले की नपुंसकलिंगी ‘आल्याचे’ उरते. ‘-ल्याचे’ स्वतः वस्तू होऊ शकत नाही, त्यामागे वृत्ताचा भाव अध्याहृत असतो, असे यावरून दिसते.

पारंपरिक पृथक्करण ‘तो आल्याचे कळले’ या वाक्याला केवलवाक्य ठरविते, कारण ‘आल्याचे’ हे धातुसाधित आहे आणि विधेय एकच. हा निर्णय फेरविचारास पात्र आहे. ‘त्याचे येणे मला आवडले नाही’ या वाक्यात ‘येणे’चा कर्ता षष्ठीत गेलेला आहे, तेथे धातू पूर्णपणे नाम झाला आहे. ‘तो आल्याचे’, ‘त्याने पुस्तक वाचल्याचे’ यांत मात्र कर्ता वाक्यात शोभणाऱ्या प्रथमेत किंवा तृतीयेत जसाच्या तसा आहे. ‘येत असल्याचे’, ‘येणार असल्याचे’, ‘आला नसल्याचे’ अशा रीतीने काळ, अवस्था आणि नकार हे सारे त्यात मावते. आख्यातरूप सोडल्यास वाक्याचे कोणते लक्षण येथे कमी आहे? नामवाक्याची व्याख्या आख्यातरूपावर बेतलेली असल्यामुळे आजच्या लिखित मराठीतील अत्यंत प्रचलित अशी ही रचना नामवाक्याच्या प्रकरणाबाहेर राहिली आहे.

‘म्हणून’ या अव्ययाबाबत शालेय व्याकरण एक वास्तव प्रामाणिकपणे नोंदविते : ते स्वरूपबोधकांतही आहे आणि हेतुबोधकांतही. ‘येतो म्हणून त्याने सांगितले’ यात नामवाक्य आहे. ‘तो येतो म्हणून ती खूश आहे’ यात कारण आहे. दोन्हींचे मूळ एकच, ‘म्हणणे’ या धातूचे पूर्वकालवाचक रूप. ‘पाऊस पडेल म्हणून छत्री घेतली’ यात मनातल्या मनात म्हटलेले ते म्हणणे अजून ऐकू येते. हीच कल्पना कानडीतील ‘एंदु’ आणि तेलुगूतील ‘अनि’ या म्हणण्याच्या अर्थाच्या धातूंपासून झालेल्या अव्ययांत आहे; दखनीतील ‘बोलके’ आणि कोकणीतील ‘म्हण’ हेही त्याच कुळातले. संस्कृतातील ‘इति’चे स्थानही वाक्यानंतरच असते. गौण वाक्य आधी आणि त्याला उचलणारा शब्द नंतर, या रचनेला उपखंडात असा विस्तृत शेजार आहे. प्रमाण लेखनात स्वरूपबोधक ‘म्हणून’ मागे पडून ‘असे’ पुढे आले आहे, बोलण्यात ते जिवंत आहे. तेव्हा ‘येतो म्हणून सांगितलं’ याला अशुद्ध ठरविण्यास व्याकरणाचा आधार नाही.

‘की’चा संबंध काही अभ्यासक फारसीतील ‘कि’शी जोडतात, काही संस्कृत ‘किम्’शी, फारसीचा प्रभाव नाकारणे मात्र कठीण आहे. त्यापूर्वी हे काम ‘जे’ करीत असे. संस्कृत ‘यत्’शी नाते सांगणारे हे अव्यय जुन्या गद्यपद्यात आढळते, आणि जुन्या कौलनाम्यांच्या, करारांच्या मायन्यात ‘ऐसा जे’ या जोडीने येते. ही जोडी बोलकी आहे. मजकूर ‘जे’नंतर सुरू होतो, पण त्याची जागा आधी ‘ऐसा’ने धरून ठेवलेली असते. ‘जे’ गेले, ‘की’ आली, तरी ‘असे... की’ या रूपात ती जागा तशीच राहिली.

राहता राहिली प्रश्नार्थक नामवाक्ये. ‘तो कधी येईल असे तिने विचारले’ यात प्रश्नाचा आकार आहे, ‘तो कधी येईल हे मला माहीत नाही’ यात उत्तररूप वस्तू आहे. तेव्हा येथेही वरीलच न्याय लागू होतो. पण येथे ‘हे’च्या जोडीला ‘ते’ येते, आणि त्यामुळे एक घोटाळा संभवतो.

(७) काय झाले ते सांग.
(८) जे झाले ते सांग.

नामाच्या अदलाबदलीची कसोटी लावली, तर ‘हकीकत सांग’ असे दोन्हींचे रूपांतर होते आणि दोन्ही नामवाक्ये ठरतात. परंतु (७) मधील ‘ते’ गाळून ‘काय झाले सांग’ म्हणता येते, किंवा त्याजागी ‘हे’ घालून ‘काय झाले हे सांग’ असेही म्हणता येते. (८) मध्ये यांपैकी काहीच शक्य नाही. तेथील ‘ते’ हे ‘जे’चे उत्तरपद आहे आणि सांगण्याचे कर्म ते स्वतः आहे. म्हणून (७) मध्ये नामवाक्य आहे, आणि (८) मधील ‘जे झाले’ हे ‘ते’ या सर्वनामाचे विशेषणवाक्य आहे.